ऊष्मागतिकी आणि विद्युत रसायन: एकच अभिक्रिया धरून कसे शिकवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी रसायनशास्त्राची शिक्षिका होण्याची तयारी करते आहे. ऊष्मागतिकीची आणि विद्युत रसायनाची गणिते मला सुटतात, पण वर्गात शिकवायचे म्हटले की धाकधूक होते. हे दोन धडे एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे वाटतात. बंध तुटला की ऊर्जा मिळते का, असे एखाद्या मुलाने विचारले तर नेमके काय सांगायचे? सुरुवात कुठून करू?"

एक अभिक्रिया निवडा आणि दोन्ही धडे संपेपर्यंत ती सोडू नका, असे मी सांगेन. मी त्यासाठी जस्त आणि मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) अभिक्रिया घेते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की रंग फिका होत जातो, तळाशी तांबूस गाळ बसतो आणि भांडे गरम होते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन आयन होतो, तांब्याचा आयन ते घेऊन धातू होतो. विस्थापनाचे उदाहरण म्हणून मुलांना ही अभिक्रिया आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे नवीन काही पाठ करावे लागत नाही. शिवाय एन्थाल्पी (स्थिर दाबाला द्रव्यातल्या ऊर्जेचे माप), एन्ट्रॉपी, मुक्त ऊर्जा, विजेच्या घटाचे (सेलचे) विभव, समतोल स्थिरांक हे सगळे या एका अभिक्रियेवर आकड्यांनिशी दाखवता येते.

पहिल्या तासाला फक्त तापमान मोजा. थर्मोकोलच्या पेल्यात लिटरला ०.२ मोल तीव्रतेचे ५० मिलिलिटर मोरचुदाचे द्रावण घ्या, म्हणजे त्यात तांब्याचे ०.०१ मोल आयन असतील. जस्ताची पूड ग्रॅमभर घ्या, लागते ०.६५ ग्रॅमच, पण थोडी जास्त असू द्या. पूड टाकण्याआधी चार-पाच नोंदी करून घ्या, मग दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा आणि ढवळणे थांबवू नका. या अभिक्रियेत मोलमागे सुमारे २१९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ०.०१ मोलाला २,१९० ज्यूल झाले. ५० ग्रॅम द्रावण एक अंशाने तापवायला साधारण २०९ ज्यूल लागतात, म्हणजे तापमान साडेदहा अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात कमाल वाचन त्याहून कमी येते, कारण अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत पेला निवायला लागलेला असतो. म्हणून आलेखावरची उतरती रेषा मागे वाढवत पूड टाकल्याच्या क्षणापर्यंत न्यायची आणि तिथला आकडा घ्यायचा. वेळ कमी पडतो म्हणून ही पायरी अनेकदा गाळली जाते. कृपा करून ती गाळू नका. पेल्यातून हवेत निघून गेलेल्या ऊर्जेचाही हिशेब लागतो, हे मुले इथेच पहिल्यांदा डोळ्यांनी बघतात.

लगेच प्रश्न येतो: तापमान वाढले, मग एन्थाल्पीतील बदल ऋण कसा? हा प्रश्न आला नाही तर तुम्ही स्वतः विचारा. थर्मामीटर पाण्यात आहे, आणि हिशेबासाठी पाणी आपण परिसरात धरले आहे. प्रणाली म्हणजे अभिक्रिया करणारी द्रव्ये. त्यांनी जे गमावले तेच परिसराला मिळाले. फळ्यावर दोन चौकोन काढून बाणाने ऊर्जेची दिशा दाखवा आणि पुढे प्रत्येक गणित सोडवण्याआधी मुलांना ते दोन चौकोन काढायला लावा. चिन्हांच्या बहुतेक चुका तिथेच थांबतात.

आता तुमचा बंधांचा प्रश्न. बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्च होते आणि बंध तयार होताना नेहमी ऊर्जा बाहेर पडते. याला अपवाद नाही, आणि हे वाक्य मुलांच्या मनात पक्के बसेपर्यंत पुढे जाऊ नये. इंधनात किंवा एटीपीच्या (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या) रेणूत बंध म्हणजे ऊर्जा भरून ठेवलेल्या कुप्या आहेत आणि त्या फोडल्या की ऊर्जा सांडते, असे चित्र मुले जीवशास्त्राच्या तासातून घेऊन येतात. एटीपीचे जलापघटन (पाण्याशी अभिक्रिया होऊन विघटन) होताना ऊर्जा मिळते हे खरेच, पण ती तुटलेल्या बंधातून येत नाही. नव्याने तयार होणारे बंध आणि पाण्याशी होणाऱ्या आंतरक्रिया अधिक बळकट असतात, त्या फरकातून ती येते. वर्गात हायड्रोजन आणि क्लोरीनचे उदाहरण सोपे पडते: हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, क्लोरीनच्या रेणूतला तोडायला २४२, एकूण खर्च ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन बंध तयार होताना ४३१ च्या दुप्पट, म्हणजे ८६२ मिळतात. निव्वळ १८४ किलोज्यूल बाहेर.

पण खरी गंमत आपल्या जस्त-तांब्यात आहे. ही ऊर्जा कुठून आली असे विचारले तर जवळजवळ सगळी मुले म्हणतात, "जस्ताला इलेक्ट्रॉन द्यायला आवडते म्हणून." अणूंना काही आवडत नाही, आणि आकडेही या उत्तराला साथ देत नाहीत. जस्ताचा एक मोल धातू सुटा करून वायुरूप अणू बनवायला सुमारे १३१ किलोज्यूल लागतात. त्या अणूंमधले दोन-दोन इलेक्ट्रॉन काढायला २,६३९ लागतात. तो आयन पाण्यात शिरताना सुमारे २,०४६ परत मिळतात. तांब्याचा प्रवास उलटा: आयनाला पाण्याच्या वेढ्यातून बाहेर काढायला सुमारे २,१०० खर्च, दोन इलेक्ट्रॉन स्वीकारताना २,७०३ परत, आणि सुटे अणू एकत्र येऊन धातू बनताना ३३८ परत. सगळे जमेस धरले की २१७ किलोज्यूल बाहेर पडल्याचे दिसते. पाण्यातल्या आयनांचे आकडे अंदाजे असल्यामुळे २१९ शी थोडी तफावत राहते.

आता जोड्या लावून बघा. आयनीकरणात जस्ताची बाजू ६४ किलोज्यूलने स्वस्त आहे, पण पाण्यात मिसळण्याच्या टप्प्यावर तांब्याची बाजू ५४ ने सरस ठरते. हे दोन्ही फरक एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. उरतो धातूंचा फरक: जस्ताचा धातुबंध दुबळा, तांब्याचा दणकट, अंतर २०७ किलोज्यूल. म्हणजे मिळालेली जवळपास सगळी ऊर्जा तांब्याचे बळकट धातुबंध तयार झाल्यामुळे मिळाली आहे. हायड्रोजन-क्लोरीनला जो नियम लागू, तोच इथेही. मुलांकडून हा हिशेब फळ्यावर करून घ्या. एक तास जाईल, पण हा तास मी दुसऱ्या कशासाठीही सोडणार नाही.

पुढचा टप्पा: अभिक्रिया मुळात का घडते? मुलांचे सहज उत्तर असते, "ऊष्मा बाहेर पडते म्हणून." हे उत्तर चुकीचे असले तरी त्याला मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कचे थॉमसन आणि फ्रान्सचे बर्थेलो या दोघांनीही ऊष्मा बाहेर पडण्याला रासायनिक अभिक्रियांची प्रेरणा मानले होते. म्हणून मुलाला गप्प करू नका. त्याच्यापुढे अमोनियम क्लोराइड ठेवा. पाण्यात टाकले की ते आपोआप विरघळते आणि पाणी चांगलेच गार होते. ऊष्मा शोषली जाते आहे, तरी बदल घडतो आहे. मग ठरवते कोण?

इथे एन्ट्रॉपी आणा, पण पसाऱ्याच्या खोलीचे चित्र मात्र नको. ते ऐकून मुले प्रत्येक गोष्टीत दिसणारा नीटनेटकेपणा मोजू लागतात आणि परिसराला पार विसरतात. ऊर्जा आणि कण जितक्या जास्त प्रकारे विखरू शकतात तितकी एन्ट्रॉपी जास्त, एवढे सांगा. मग प्रणाली आणि परिसर या दोघांची बेरीज करायला लावा. अमोनियम क्लोराइड विरघळताना मोलमागे १४.८ किलोज्यूल परिसरातून घेतले जातात. २९८ केल्विनला परिसराची एन्ट्रॉपी सुमारे ५० ज्यूल प्रति केल्विनने घटते. पण आयन स्फटिकातून मोकळे झाल्याने प्रणालीची एन्ट्रॉपी सुमारे ७५ ने वाढते. बेरीज धन, म्हणून बदल घडतो.

आता हेच जस्त-मोरचुदाला लावा. इथे प्रणालीची एन्ट्रॉपी घटते, साधारण २१ ज्यूल प्रति केल्विनने. मुले गोंधळतात: घटते आहे, मग अभिक्रिया कशी होते? परिसराकडे बघा. त्याला २१८.७ किलोज्यूल मिळाले. २९८ ने भागले की ७३४ ज्यूल प्रति केल्विनची वाढ. एकूण वाढ ७१३. या ७१३ ला पुन्हा २९८ ने गुणले की सुमारे २१२.५ किलोज्यूल येतात. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू देऊ नका. गिब्जची मुक्त ऊर्जा म्हणजे हाच हिशेब, फक्त प्रणालीच्या राशी वापरून मांडलेला: एन्थाल्पीतील बदलातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार वजा करायचा. सूत्र आधी देऊन मग चार तक्त्यांत चिन्हांच्या जोड्या पाठ करायला लावण्यापेक्षा या वाटेने गेलात तर ऋण चिन्ह कुठून आले ते विचारावे लागत नाही.

विद्युत रसायनाचा धडा मी इथूनच सुरू करते. पेल्यात जस्त आणि तांब्याचे आयन एकमेकांना भिडले होते, म्हणून इलेक्ट्रॉन जागच्या जागी गेले आणि सगळी ऊर्जा ऊष्मा म्हणून बाहेर पडली. आता त्यांना वेगळे करा. एका चंचुपात्रात जस्ताची पट्टी आणि झिंक सल्फेट, दुसऱ्यात तांब्याची पट्टी आणि मोरचूद, मध्ये दोन्ही द्रावणांना जोडणारा क्षारसेतू म्हणून पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेली गाळणकागदाची पट्टी. १८३६ मध्ये जॉन डॅनियल यांनी बनवलेल्या घटाचेच हे रूप. द्रावणे लिटरला एक मोल तीव्रतेची असली तर डिजिटल मीटर १.१ व्होल्टच्या जवळ वाचन दाखवतो. प्रमाण (म्हणजे ठरावीक मानक स्थितीतला) विभव १.१० व्होल्ट, मोलमागे दोन मोल इलेक्ट्रॉन, एका मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६,४८५ कुलोम. तिघांचा गुणाकार केला की २,१२,२६७ ज्यूल, म्हणजे सुमारे २१२ किलोज्यूल. फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा आणि हा आकडा मुलांनी स्वतः शेजारी-शेजारी ठेवायला हवेत. एक ऊष्मा मोजण्याच्या आणि एन्ट्रॉपीच्या तक्त्यांवरून आला, दुसरा व्होल्टमीटरवरून. दोन धड्यांचा संबंध काय, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

आता एक बारीक जागा, जिथे शिकवणाऱ्यांचाही पाय घसरतो. स्थिर दाबाला देवाणघेवाण झालेली ऊष्मा म्हणजे एन्थाल्पीतील बदल, हे वाक्य आपण सरसकट सांगतो. ते खरे ठरते ते आकारमान बदलण्याचे कार्य सोडून दुसरे कोणतेच कार्य होत नसेल तेव्हा. घट चालू असताना विद्युत कार्य होते, म्हणून तिथे ते वाक्य चालत नाही. घटातून अगदी सावकाश, जवळजवळ शून्य प्रवाह घेतला तर २१२ किलोज्यूल विद्युत कार्य म्हणून मिळतात आणि फक्त ६ किलोज्यूल ऊष्मा म्हणून बाहेर पडतात. एन्थाल्पीतील बदल मात्र तोच, २१९. आणि घटाची दोन्ही टोके जाड तारेने सरळ जोडून सगळेच ऊष्मामापीत ठेवले तर? पुन्हा पूर्ण २१९ किलोज्यूल ऊष्मा. सुरुवात आणि शेवट तेच राहिले. ऊष्मा आणि कार्य यांची वाटणी मार्गाप्रमाणे बदलली. एकूण बदल मार्गावर नाही, फक्त सुरुवात आणि शेवट यांवर ठरतो, असे रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये जे मांडले त्याचा अर्थ मुलांना इथे हाताला लागतो.

कमाल कार्य हे जवळजवळ शून्य प्रवाहालाच का मिळते, हेही त्याच टेबलावर दाखवा. मीटरचा रोध प्रचंड असतो, म्हणून तो घटाला जवळपास काहीच ओढ न देता वाचन घेतो. आता मीटर तसाच ठेवून घटाच्या टोकांना दहा ओहमचा रोध जोडा. वाचन धाडकन खाली येते. कागदी सेतूचा रोध मोठा, त्यामुळे बरीचशी ऊर्जा घटाच्या आतच ऊष्मा होऊन जाते. रोध काढला की वाचन पुन्हा वर. सेतू उचलला तर वाचनाचा भरवसाच उरत नाही आणि प्रवाह थांबतो. सेतूतून इलेक्ट्रॉन जातात ही समजूत इथेच मोडायची: तारेतून इलेक्ट्रॉन, द्रावणातून आणि सेतूतून फक्त आयन.

ॲनोड-कॅथोडच्या चिन्हांवर फार वेळ घालवू नका. ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणे) जिथे तो ॲनोड, क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) जिथे तो कॅथोड, घट असो की विद्युत अपघटन. चिन्ह बदलते, काम बदलत नाही.

विभवांच्या बेरजेवर मात्र थांबा. समीकरणाला दोनने गुणले की विभवही दुप्पट, असे मुले बिनधास्त करतात. मुक्त ऊर्जा द्रव्याच्या प्रमाणात वाढते, विभव वाढत नाही. विभव हा प्रत्येक कुलोममागचा हिशेब आहे. लोखंड घ्या. फेरिक आयनाचा (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) होण्याचा विभव +०.७७ व्होल्ट, फेरसचा लोह होण्याचा −०.४४. फेरिकपासून थेट लोहापर्यंतचा विभव किती? बेरीज करणारे मूल ०.३३ सांगते. खरे उत्तर −०.०४. पहिल्या पायरीत एक इलेक्ट्रॉन, दुसरीत दोन: ०.७७ मधून ०.८८ वजा, उरलेल्या −०.११ ला तीनने भागायचे. बेरीज मुक्त ऊर्जांची होते, विभवांची होत नाही. पूर्ण घटात दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन सारखे असतात, म्हणून तिथे थेट वजाबाकी जुळते. हे सांगितले नाही तर मुलांना वाटते की आपण सोयीने नियम बदलतो.

नर्न्स्टचे समीकरण (आयनांची तीव्रता बदलली की विभव किती बदलतो ते सांगणारे) शिकवताना सूत्रात आकडे भरण्याआधी अंदाज विचारा. घट ९० टक्के वापरून झाला, तांब्याचे आयन लिटरला एक मोलावरून ०.१ वर आले आणि जस्ताचे १.९ वर गेले. विभव किती उरेल? बहुतेक हात ०.११ व्होल्टच्या बाजूने वर जातात. गणित केले की १.०६ येते. गुणोत्तर १९, त्याचा लॉगॅरिथम सुमारे १.२८, त्याला ०.०२९६ ने गुणले की विभव फक्त ०.०३८ व्होल्टने उतरतो. मग विभव शून्य केव्हा होईल? समतोल आल्यावर, आणि या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक (समतोलाला जस्ताच्या आणि तांब्याच्या आयनांचे गुणोत्तर) १० च्या ३७व्या घाताच्या आसपास आहे. तांब्याचे आयन जवळजवळ नामशेष होईपर्यंत घटाला जोर असतो. प्रमाण मुक्त ऊर्जा आणि त्या क्षणाची मुक्त ऊर्जा यांत फरक काय, हे इतक्या ठळकपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. संपलेल्या घटात मुक्त ऊर्जेतील बदल शून्य असतो, त्याचे प्रमाण मूल्य जसेच्या तसे राहते.

वेगाबद्दल दोन वाक्ये पुरतात, पण ती सांगाच. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग सांगत नाही. सामान्य परिस्थितीत हिऱ्याचे ग्रॅफाइट होताना मुक्त ऊर्जा मोलमागे २.९ किलोज्यूलने घटते, तरी हिरे टिकून आहेत, कारण मधला अडथळा ओलांडता येत नाही.

तयारीच्या दृष्टीने एवढे सांगते की प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघा, जस्ताच्या पट्ट्या पॉलिश कागदाने घासून घ्या आणि तांब्याचे उरलेले द्रावण मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा. जस्ताची पूड हवेत उडू देऊ नका, ज्योतीपासून लांब ठेवा.

दोन्ही धडे संपल्यावर परीक्षेऐवजी मी एक प्रश्न देते, तुम्हालाही देऊन ठेवते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून द्रवरूप पाणी होताना मोलमागे २८६ किलोज्यूल एन्थाल्पी आणि २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा घटते. इंधन घटाचा आदर्श विभव यावरून १.२३ व्होल्ट येतो. आता उलट जा आणि पाण्याचे विद्युत अपघटन करा. विजेने २३७ किलोज्यूल दिले तर उरलेले ४९ कुठून येणार? परिसरातून ऊष्मा म्हणून. म्हणजे १.२३ व्होल्टच्या किंचित वर चालणारे आदर्श उपकरण स्वतः गार होत जाईल आणि तापमान टिकवायला त्याला बाहेरून ऊष्मा पुरवावी लागेल. किती व्होल्टला ते ना गार होईल ना गरम? विजेनेच पूर्ण २८६ द्यायला लागतील त्या विभवाला: २८६ किलोज्यूल भागिले दोन मोल इलेक्ट्रॉनचा भार, उत्तर १.४८ व्होल्ट. हा भागाकार का करायचा ते जो विद्यार्थी न सांगता ओळखतो, त्याला एन्थाल्पी, मुक्त ऊर्जा आणि विभव वेगळे शिकवावे लागत नाहीत.